समुद्राच्या वाट्याचा गाळ

किनाऱ्याची धूप, वाढती समुद्रपातळी, खारफुटीची तोड हे विषय निघाले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. मराठवाड्याचा या चर्चेशी काही संबंध असेल असे कोणाला वाटत नाही. खुद्द मराठवाड्यालाही वाटत नाही. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा घ्या. केळी, ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातले हे गाव. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि बंगालचा उपसागर त्याहून लांब. तरीही या शिवारात पडलेल्या पावसाचा एक थेंबही कोकणाकडे जात नाही. दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. या भागात उत्तरेकडे उतरलेले पाणी कयाधूतून पैनगंगेला, पुढे वर्धेला, प्राणहितेला आणि शेवटी गोदावरीला मिळते. दक्षिणेकडे उतरलेले पाणी आसना नदीतून नांदेडजवळ थेट गोदावरीत जाते. दोन्ही वाटा आंध्र प्रदेशात, समुद्राच्या तोंडाशी संपतात. म्हणजे डोंगरकड्यालाही एक समुद्रकिनारा आहे. तो पूर्वेला आहे आणि तो झिजतो आहे. माझे म्हणणे असे की, हा किनारा वाचवायचा असेल तर केवळ भरतीच्या रेषेपाशी पहारा ठेवून भागणार नाही. त्याचे व्यवस्थापन गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या धरणांपाशी आणि रेतीघाटांपाशी सुरू झाले पाहिजे.

हे म्हणणे पटण्यासाठी आधी किनारा तयार कसा होतो ते पाहावे लागेल. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशाच्या जमिनीच्या जवळपास दहाव्या हिश्श्याचे आहे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकट्या महाराष्ट्रात आहे. राजमहेंद्रीच्या खाली नदी फाटते. गौतमी आणि वसिष्ठा या तिच्या मुख्य शाखा. त्यांच्या मधला आणि भोवतालचा, भातशेतीचा आणि नारळीबागांचा सुपीक त्रिभुज प्रदेश सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा आहे. हिमयुगानंतर चढत गेलेली समुद्रपातळी सहा-सात हजार वर्षांपूर्वी बरीचशी स्थिरावली. त्यानंतर नदीने दर पावसाळ्यात आणून टाकलेल्या गाळाने समुद्र मागे रेटला आणि ही जमीन उभी राहिली. किनारा हा नदीने सतत भरत राहिलेला आणि समुद्राने सतत कुरतडत राहिलेला भाग असतो. भर थांबली की कुरतडणे तेवढे उरते.

हा गाळ कुठला, हे आता अनुमानावर सोडलेले नाही. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून २००६ मध्ये एका संशोधन जहाजाने गाळाचा उभा नमुना काढला. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे लिव्हियू जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या मूलद्रव्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, रासायनिक ओळख गोदावरीच्या खालच्या टप्प्यातल्या जुन्या खडकांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे गाळाचा कोणता थर पठारावरून आला आणि कोणता खालच्या डोंगररांगांतून, हे सांगता येते. निष्कर्ष असा की, गेल्या तीन-चार हजार वर्षांत पाऊसमान रोडावले, झाडझाडोरा विरळ झाला, पठारावर शेती पसरली आणि दख्खनच्या मातीचा ओघ समुद्राकडे वाढला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेली आपली काळी कसदार जमीन अशी थराथराने बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाऊन बसली आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कोनसीमेतल्या शेतकऱ्याच्या पायाखालच्या जमिनीत पैठण, परभणी, हिंगोली, नांदेडचा वाटा आहे, ही भावनेने केलेली मांडणी नाही; प्रयोगशाळेतल्या मोजमापांनी दाखवलेली गोष्ट आहे.

या प्रवासात मातीचे होते काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पुराच्या पाण्यात वाळूचे कण असतात आणि चिकणमातीचेही. पाच कण ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर भरेल एवढा वाळूचा कण संथ पाण्यात फूटभर खाली जायला पंधराएक सेकंद घेतो. काळ्या मातीतला चिकणकण मात्र मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक असतो. त्याला तेवढेच अंतर खाली उतरायला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून वाळू नदीच्या तळाने सरपटत, टप्प्याटप्प्याने जाते आणि चिकणमाती पाण्यात तरंगत, एका पुरात शेकडो किलोमीटर पार करते. मुखाशी आल्यावर तिला खारे पाणी भेटते. क्षारांमुळे चिकणकण एकमेकांना धरून गोळे बनतात, जड होतात आणि झपाट्याने खाली बसतात. पावसाच्या पाण्याचे दोन ग्लास घेऊन दोन्हींत चमचाभर काळी माती ढवळली आणि एकात मीठ टाकले, तर मिठाचा ग्लास आधी निवळताना दिसतो. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगाच्या खारफुटीखालची चिखलपट्टी याच क्रियेने तयार झाली आहे. किनाऱ्याला दोन्ही लागतात: लाटांशी झुंजायला वाळू आणि खारफुटीला मूळ धरायला चिखल. दोन्ही वरून येतात.

वाळूचे पुढे काय होते तेही पाहू. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर तिरप्या आदळतात आणि मुखाशी आलेली वाळू किनाऱ्याला लागून उत्तरेकडे ढकलत नेतात. काकीनाडा बंदरासमोर होप आयलंड नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे. तो गोदावरीच्या वाळूने असाच गेल्या दोनएक शतकांत वाढला आणि त्याच्या आडोशाने काकीनाड्याचा उपसागर शांत राहिला. ज्या किनाऱ्यावरून वर्षभर वाळू पुढे जात असते, त्याला मागून तेवढीच वाळू मिळत राहिली तर तो जागच्या जागी राहतो. मागची आवक घटली तरी लाटा आपले काम थांबवत नाहीत. त्या किनाऱ्यातलीच साठलेली वाळू उचलू लागतात. धूप म्हणतात ती हीच. समुद्र चवताळला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा समुद्र पूर्वीइतकाच असतो. घटलेला असतो तो नदीकडून येणारा शिधा.

आता आकडे. आंध्र विद्यापीठाच्या बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७१ ते १९७९ या काळात नदी वर्षाला सरासरी १५ कोटी टन तरंगता गाळ खाली आणत होती. १९९० ते १९९८ या काळात तो आकडा ५ कोटी ७० लाख टनांवर आला. उपग्रहचित्रांच्या तुलनेत असेही दिसले की, १९७६ नंतरच्या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या कडेने, भर आणि धूप यांची वजाबाकी करून, १८०० हेक्टरांहून अधिक जमीन गमावली. दरवर्षीची तूट नऊ कोटी टनांच्या पुढची आहे. तेवढा गाळ एक मीटर जाडीने पसरला तर सुमारे ७० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापेल. सगळाच गाळ किनाऱ्यावर थांबत नाही, बराचसा खोल समुद्रात जातो, हे खरे. तरी तुटीचे आकारमान ध्यानात यावे म्हणून हा हिशेब. पाच हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात अठरा चौरस किलोमीटर म्हणजे किती, असे कोणी विचारील. पण ही जमीन सगळीकडून थोडी थोडी गेलेली नाही. ती अगदी कडेची गेली, जिथे खारफुटी आहे, मासेमारांच्या वस्त्या आहेत आणि वादळाचा पहिला तडाखा बसतो. ६ नोव्हेंबर १९९६ रोजी याच किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाने हजारावर माणसे मारली. शिवाय हजारो वर्षे पुढे सरकत आलेली किनाऱ्याची रेषा मागे फिरली, हा बदल आकड्यापेक्षा मोठा आहे.

मग हा गाळ गेला कुठे? पाऊस कमी झाला असेल, म्हणून गाळही घटला असेल, हा पहिला आक्षेप. पावसात वर्षागणिक चढउतार होतात आणि त्यांचा परिणाम होतोच. पण हरवलेला माल जिथे सापडला ती जागा दाखवता येते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर आहेत, पैनगंगेवर ९६४ दलघमी उपयुक्त साठ्याचे इसापूर आहे. महाराष्ट्राची हद्द ओलांडताच गोदावरीवर तेलंगणातले श्रीरामसागर आहे. त्याची मूळ साठवण क्षमता ११२ टीएमसी होती. १९९४ च्या सर्वेक्षणात ती ९० टीएमसीच्या आसपास भरली. ही बावीस टीएमसीची घट म्हणजे सुमारे ६२ कोटी घनमीटर गाळ, तोही एकाच जलाशयात. पुराचे पाणी जलाशयात शिरते तेव्हा त्याचा वेग मोडतो. वाळू जलाशयाच्या शेपटाशीच बसते, आणि जी चिकणमाती एका दिवसात फूटभर उतरते तिला इथे आठवडेच्या आठवडे मिळतात. सांडव्यावरून खाली जाणारे पाणी त्या मानाने निवळलेले असते. आसनेच्या वाटेने गेलेली माती श्रीरामसागरात अडते. कयाधूची माती मात्र इसापूरच्या खाली पैनगंगेला मिळते, त्यामुळे तिची वाट अजून बरीच मोकळी आहे. पुढे प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डा बंधारा आणि त्याहून खाली बांधकाम सुरू असलेले पोलावरम आहे. एकाच पठारावरच्या दोन उतारांच्या मातीचे भवितव्य असे धरणांनी वेगळे केले आहे.

इथे एक रास्त शंका येते. मातीची धूप ही शेतकऱ्याची आपत्ती. आपण बांधबंदिस्ती करतो, ढाळीचे बांध घालतो, नाल्यावर बंधारे बांधतो ते माती अडवण्यासाठीच. मग माती समुद्रापर्यंत गेली पाहिजे असे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या मुळावर येणे नव्हे काय? डेहराडूनच्या मृदसंधारण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात दर हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन माती आपली जागा सोडते, म्हणजे सगळ्या शिवारावरून जवळपास एक मिलिमीटरचा थर. त्यातली साठ टक्क्यांवर माती इकडची तिकडे होते, सुमारे २९ टक्के समुद्राला जाते आणि १० टक्के जलाशयांत बसते, असा तो अंदाज होता. बांधाआडचा तो थर राखणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात काही बदल करायचे कारण नाही. किनाऱ्याला लागणारा गाळ शेताचा कस काढून द्यावा, असे कोणी म्हणत नाही. नदीपात्रात साठलेली वाळू, ओढ्यानाल्यांच्या काठांचा पोयटा आणि शेतातून सुटून आधीच पाण्यात गेलेली माती, एवढी तरी पुढे जावी, एवढेच म्हणणे आहे. आजची व्यवस्था सगळ्यांच्याच तोट्याची आहे. शेताचे गेले, खाडीला मिळाले नाही आणि धरणाचे पोट भरले. डोंगरकड्याच्या परिसरातल्या बागायतदाराचे हित इसापूरच्या कालव्याच्या आवर्तनात आहे. धरण गाळाने जितके भरेल तितकी आवर्तने घटतील. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या जलसंस्थेने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात भारतातली सुमारे ३७०० मोठी धरणे २०५० पर्यंत आपल्या मूळ क्षमतेचा सरासरी २६ टक्के भाग गमावतील असे म्हटले आहे. गाळाच्या प्रश्नात वरचा शेतकरी आणि खालचा मच्छीमार एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. एकाच चुकीच्या दोन टोकांना ते उभे आहेत.

दुसरा आक्षेप असा की, सगळे खापर धरणांवर फोडणे योग्य नाही. समुद्राची पातळी वाढते आहे. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात ती जगभर सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. त्रिभुज प्रदेशाची भुसभुशीत जमीन आपल्याच भाराने दबते. भूजल आणि वायू उपसल्याने दबण्याचा वेग वाढू शकतो. बंदरांचे लाटरोधक बांध किनाऱ्याने जाणारी वाळू अडवतात. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गाव वर्षानुवर्षे समुद्राच्या तोंडी जात आहे, त्यामागे अशी एकाहून अधिक कारणे आहेत. हे सारे मान्य. पण या आक्षेपानेच माझा मुद्दा बळकट होतो. पातळी वाढणे आणि जमीन दबणे या दोन्हींची भरपाई करू शकणारी गोष्ट एकच आहे: दरवर्षी वर चढणारा गाळाचा नवा थर. २००९ मध्ये कोलोराडो विद्यापीठाचे जेम्स सिवित्स्की आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ३३ त्रिभुज प्रदेशांचा आढावा घेतला. त्यांतले २४ खचत असल्याचे त्यांना आढळले. धोक्यात असलेल्यांच्या यादीत गोदावरी आणि कृष्णाही होत्या. समुद्राची वाढ थोपवणे एका राज्याच्या हातात नाही, त्याला सगळ्या जगाने कार्बन कमी करावा लागेल. गाळ सोडणे मात्र महाराष्ट्र, तेलंगणा, छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्र यांच्या हातात आहे. जे आपल्या हाती आहे ते आधी करावे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि मराठवाड्यात तो तोंडावर फेकला जातो: इथे प्यायला पाणी नाही, टँकर लागतात आणि तुम्ही समुद्राला पाणी सोडायला सांगता? समुद्रात जाणारे पाणी वाया जाते, ही समजूत आपल्या सिंचन विचारात इतकी मुरली आहे की तिच्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. दुष्काळाचे दुःख खरे आहे आणि त्याच्याकडे पाठ फिरवून किनाऱ्याची काळजी वाहणे अन्यायाचे होईल. पण नदीने मुखापर्यंत वाहणे हे फुकट जाणे नव्हे. गोड्या पाण्याचा लोंढा खाडीतला खारेपणा मागे सारतो, पावसाळ्यात समुद्रातून वर चढणाऱ्या पुलसा माशाला वाट देतो आणि किनाऱ्याची जमीन भरतो. गाळासाठी वर्षभर पाणी सोडावे लागत नाही. गोदावरीचा जवळजवळ सगळा गाळ पावसाळ्यातच, आणि त्यातही मोठ्या पुरांच्या मोजक्या दिवसांत वाहतो. जुलै-ऑगस्टच्या पहिल्या गढूळ पुराला वाट देऊन नंतरच्या निवळ पाण्यावर जलाशय भरणे हा त्यावरचा तोडगा आहे. ज्या वर्षी पाऊसच नसतो त्या वर्षी गढूळ पूरही नसतो. त्या वर्षी कोणी काही सोडायचे नाही. हा हिशेब मांडला की वाद पाण्याच्या मात्रेवरून वेळेवर येतो आणि वेळेचा वाद सोडवणे सोपे असते.

याचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या आंतरराज्य वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला आणि १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायला सांगितले. हा निर्णय पाण्याच्या वाटपाचा होता, गाळाचा त्यात विचार नव्हता. तरी त्याचा परिणाम असा की, पावसाळ्यातला गाळ बाभळीपाशी न अडता पुढे जातो. पुढे श्रीरामसागर तो अडवतो, हे दुर्दैव. चीनने २००२ पासून पीत नदीवरच्या धरणांतून ठरावीक काळात पाणी आणि गाळ एकत्र सोडण्याची पद्धत राबवली आणि तिच्या मुखाशी घटत चाललेली जमीन काही प्रमाणात पुन्हा भरली. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात काढून टाकली, तेव्हा वर अडकलेली वाळू खाली आली आणि मुखाशी नवा किनारा तयार झाला. उलट आस्वानच्या उंच धरणानंतर नाईलच्या मुखाचे काय हाल झाले, तेही जगाने पाहिले. आपल्याला धरणे पाडायची नाहीत. मराठवाडा धरणांवाचून जगू शकणार नाही. पण दरवाजे कधी उघडायचे, एवढे ठरवता येते. सगळ्याच जुन्या धरणांत तळाचा गाळ सोडण्याची सोय नाही. बंधाऱ्यांपासून आणि पुढे होणाऱ्या प्रकल्पांपासून मात्र सुरुवात करायला काही अडचण नाही.

आपल्या कायद्याची नजर अजून किनाऱ्याच्या पट्ट्यापलीकडे गेलेली नाही. इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम टाळायला सांगितले. त्यातूनच १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना आली; पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटर हे माप कायम राहिले, आतल्या सवलती मात्र वाढत गेल्या. हा कायदा आवश्यक आहे आणि तो सैल करू नये. पण तो फक्त समुद्राकाठी काय बांधू नये हे सांगतो. समुद्राकाठी काय यायला हवे, हे त्यात नाही. दुसरीकडे, १९६९ मध्ये नेमलेल्या गोदावरी जलविवाद लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला आणि पाच राज्यांत पाण्याची वाटणी झाली. समुद्राच्या वाट्याचा गाळ मात्र कोणाच्याही हिशेबात धरला गेला नाही. एक कायदा किनारा पाहतो, दुसरा नदी पाहतो आणि दोहोंना जोडणारा गाळ कोणाच्याच खात्यात नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या बदलांचा नकाशा केला, तेव्हा देशाचा ३३.६ टक्के किनारा धूप होणारा आढळला आणि २६.९ टक्के भर पडणारा. एवढे मोजमाप हाती असताना उपाय म्हणून दगडी बांध आणि वाळूच्या पिशव्या टाकत राहणे म्हणजे ताप मोजायचा आणि दुखण्याचे मूळ शोधायचे नाही, असे झाले.

वाळूचा प्रश्न तर त्याहून सरळ आहे. गोदावरी, पूर्णा, पैनगंगा, कयाधू या नद्यांच्या पात्रांतला रेतीघाटांवरचा उपसा हा मराठवाड्यातला रोजचा विषय आहे. चर्चा होते ती महसूल बुडाल्याची, ट्रक पकडल्याची आणि रात्रीच्या गुंडगिरीची. नदीचा तळ खाली गेला की काठच्या विहिरी आटतात, हेही आता लोक बोलू लागले आहेत. पण ही वाळू म्हणजे शेकडो वर्षांत खालीखाली सरकत किनाऱ्याकडे निघालेला माल आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान वाळूपट्ट्यांसाठीही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. त्या परवानगीच्या कागदावर त्या पट्ट्यात दरवर्षी वरून किती वाळू येते हा आकडा असायला हवा आणि उपसा त्याच्या आत राहायला हवा. दगड फोडून केलेली वाळू बांधकामाला चालते; किनाऱ्याला मात्र दुसरी वाळू देता येत नाही.

राज्याने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना या साऱ्या विचाराशी विसंगत नाही, उलट त्याच्या बाजूचीच आहे. तलावात बसलेली काळी माती शेतकऱ्याने वाहून हलक्या रानात पसरायची, हा मातीचा उलटा प्रवास आहे आणि तो चांगला आहे. त्यात एक भर घालता येईल. तलाव किंवा जलाशयातून निघालेल्या गाळातली चिकणमाती शेताला जावी आणि शेपटाकडची वाळू, जिथे खालची नदी उपाशी आहे तिथे, पात्रात परत टाकावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोजणी. पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत धरणांचा पाणीसाठा टक्क्यांत छापून येतो आणि इसापूर, येलदरी, जायकवाडीचा आकडा गावोगावी तोंडपाठ असतो. त्याच्या शेजारी, या धरणात यंदा किती गाळ आला आणि खाली किती गेला, हा आकडा छापला गेला तर दहा वर्षांत लोकांचा विचार बदलेल. केंद्रीय जल आयोग गोदावरीच्या अनेक ठाण्यांवर गाळाचे मापन करतो; ते लोकांना कळेल अशा रूपात पुढे आले पाहिजे.

म्हणून मराठवाड्यातल्या वाचकाला विनंती एवढीच आहे. आपल्या ग्रामसभेत पाणलोटाचा विषय येईल, धरणाच्या लाभक्षेत्राची बैठक होईल, रेतीघाटाच्या लिलावाची नोटीस लागेल, तेव्हा गाळाचा प्रश्न विचारा: किती आला, किती अडला, किती पुढे गेला? लोकप्रतिनिधींनी गोदावरीच्या पाण्याबद्दल आंध्र-तेलंगणाशी भांडताना गाळाबद्दलही त्यांच्याशी बोलावे, कारण या बाबतीत हितसंबंध एकच आहेत. खोरे हे एकच आहे आणि त्याचा खालचा शेवट समुद्रात आहे. वरच्या माणसाने तो शेवट विसरून धरण बांधले तर आधी किनारा जातो आणि मग धरणही भरते. नदीच्या पाण्यावर पाच राज्यांचा हक्क मानला गेला आहे. तिच्या गाळावर समुद्रकिनाऱ्याचा हक्क मान्य करणे हे पुढचे पाऊल आहे, आणि ते उचलण्याची जबाबदारी खोऱ्याच्या वरच्या निम्म्या भागावर, म्हणजे महाराष्ट्रावर, सर्वांत आधी येते.